गुडघ्याची गादी : अनुमानाकडून दर्शनाकडे

बिरवाडीसारख्या भातशेतीच्या मुलखात गुडघा हा माणसाचा खरा सोबती होय. भाताच्या लावणीत तो चिखलात रुततो, कबड्डीच्या मैदानात गर्रकन वळतो, रायगडाच्या पायऱ्याही तोच चढतो. एखादे दिवशी पाय रोवलेला असतो आणि अंग फिरते. गुडघा सुजतो, अडकतो. ‘गादी फाटली’ असे आपण म्हणतो. पण ती फाटली हे कळते कसे, याचा इतिहास उद्बोधक आहे.

मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन कूर्चा असतात. १८८३ साली एडिंबरो येथे ॲनन्डेल यांनी अशी एक सुटलेली कूर्चा टाके घालून जागी बसविली. पण १८९७ मध्ये ब्लंड-सटन यांनी तिला निरुपयोगी अवशेष ठरविले आणि पुढे दीर्घकाळ शस्त्रवैद्य सबंध गादीच काढून टाकीत. त्यानंतर गुडघ्याच्या हाडांत कसे बदल होतात, हे १९४८ साली फेअरबँक यांनी दाखविले. म्हणजे निदान चुकले, तर धडधाकट गादी जाई आणि सांधा अकाली झिजे.

१८९५ साली सापडलेल्या क्ष-किरणांना हाड दिसे. गादी दिसत नसे. उरे तो वैद्याचा हात. गुडघा वाकवून पिळून पाहण्याची मॅकमरे यांची परीक्षा आजही चालते. १९१८ साली टोकियोत ताकागी यांनी मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले. तथापि या वाटेने जायचे तर छेद घ्यावाच लागे.

छेदावाचून दर्शन घडविले ते भौतिकशास्त्राने. अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद १९४६ साली ब्लॉख आणि परसेल यांनी स्वतंत्रपणे टिपला. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी मद्यार्कातील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत ओळखले. यांतील धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले. १९७३ साली लॉटरबर यांनी अशा संकेतांपासून चित्र काढले. त्यांना व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. हेच आपले एम.आर.आय. शरीरातील पाण्याचा हायड्रोजन चुंबकात रेडिओलहरींना साद देतो. निरोगी गादी चित्रात काळी दिसते. पृष्ठभागापर्यंत पोचलेली उजळ रेघ दिसली, की ती फाट समजावी.

मग वैद्याचा हात निकामी झाला काय? मुळीच नाही. २००८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील ९९१ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता! फाट दिसली म्हणून दुखणे तिचेच, असे नव्हे.

या ठिकाणी आम्हांस बिरवाडीचेच स्मरण होते. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय यांची नोंद ठेवीत गेले; १९८२ साली त्यांची ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ने छापली. यंत्र फाट दाखवील. पण दुखते कुठे, केव्हापासून आणि कशाने, हे रोग्यालाच विचारावे लागेल. चित्र पाहण्याआधी माणूस पाहावा, हाच या इतिहासाचा बोध आहे.