कोठीतला पाहुणा

या सुट्टीत मुलांना लायब्ररीत न्याल, तेव्हा शॉन टॅन यांचे ‘एरिक’ हे चित्रपुस्तक जरूर शोधा. २००८ च्या ‘टेल्स फ्रॉम आउटर सबर्बिया’ या संग्रहातली ही कथा पुढे छोट्याशा स्वतंत्र पुस्तकाच्या रूपात निघाली.

एका कुटुंबाकडे परदेशी विद्यार्थी राहायला येतो. त्याच्यासाठी खोली रंगवलेली, नवे फर्निचर आणलेले. तो मात्र स्वयंपाकघरातल्या कोठीत झोपतो, अभ्यासही तिथेच करतो. फिरायला नेले, तर जमिनीवरच्या बारीकसारीक वस्तूंकडेच पाहत राहतो. त्यांच्याकडे अशीच पद्धत असेल, अशी आई समजूत घालते. एके दिवशी तो अचानक निघून जातो आणि घरच्यांना रुखरुख लागते: त्याला आपल्याकडे आवडले तरी का? उत्तर कोठीत आहे. ते तुम्हीच वाचा.

हे वाचताना या देशाचा इतिहास आठवतो. १९०१ च्या मूळ कायद्यानुसार नकोशा प्रवाशाला युरोपातल्या कोणत्याही भाषेतला ५० शब्दांचा उतारा लिहायला लावता येई. भाषा निवडायची अधिकाऱ्याने! १९३४ मध्ये प्रागचे लेखक एगॉन किश यांना बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्यांना चक्क स्कॉटिश गेलिकमधला उतारा घातला गेला. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली, आणि वंशाचा निकष १९७३ मध्ये गेला.

पण त्याआधीच, १९५१ पासून, कोलंबो योजनेतून आशियाई विद्यार्थी इथे शिकायला येऊ लागले होते. त्यांतले कित्येक इथल्या कुटुंबांत राहिले. कायद्याने दार लोटलेले, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र पाहुणा! टॅन यांचे वडीलही मलेशियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात स्थापत्यशास्त्र शिकायला आलेले.

कथेतल्या पाहुण्याचे खरे नाव घरच्यांना उच्चारता येत नाही. तोच म्हणतो, मला एरिक म्हणा. आपल्यापैकी किती जणांनी पहिल्या नोकरीत हेच केले! आपली मुलेही शाळेत हजेरीच्या वेळी नावाचा अर्धा भाग गिळून टाकतात. कुणी सक्ती केलेली नसते. समोरच्याची अडचण आपणच आधी ओळखतो.

यंदा फराळाला मुलांचे मित्र येतील. त्यांचे नाव नीट कळले नाही, तर पुन्हा विचारूया. आणि आपले नावही, न कंटाळता, पुरते सांगूया.