चेटकीण कुणाची?

मराठीत बाईच्या नावामागे ‘ईण’ लागते ती बहुतेकदा नवऱ्याकडून. सुताराची सुतारीण, पाटलाची पाटलीण. तिला स्वतःला रंधा मारता येतो का, हे कुणी विचारत नाही. चेटकीण मात्र कुणाची बायको नाही. जे नाव आहे ते तिच्या विद्येचं.

त्या विद्येचं, म्हणजे चेटकाचं, मूळ शोधत गेलं की संस्कृतातला ‘चेटक’ भेटतो. चेट, चेटक म्हणजे चाकर. नाटकांत राणीच्या मागेपुढे धावणारी दासी ती चेटी. मंत्राने वश करून कामाला जुंपलेल्या शक्तीलाही हेच नाव पडलं आणि त्यातून चेटूक आलं, असा माग लागतो. दासीच्याच कुळातला शब्द कुणाचीही दासी नसलेल्या बाईला मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. जर्मनांची चेटकीण, ‘हेक्से’, वेगळ्या वाटेने येते. तिच्या जुन्या रूपातला पहिला भाग अभ्यासक कुंपणाशी जोडतात.

कॅट ले यांच्या ‘स्नॅपड्रॅगन’ (2020) या चित्रकादंबरीतली जॅक्स अशीच कुंपणापलीकडची. एकटी, म्हातारी. गावात बोलवा, की ही चेटकीण पाळीव जनावरं खाते. हरवलेला कुत्रा शोधत स्नॅप ही धीट पोरगी थेट तिच्या घरात शिरते. जॅक्स रस्त्यावर गाडीखाली मेलेली जनावरं उचलून आणते, त्यांचे सांगाडे जोडते आणि विकते. स्नॅप तेच काम तिच्या हाताखाली शिकायला लागते. पुढे जादूही खरी निघते, पण मला भावली ती आधीची ही उमेदवारी. हे पुस्तक मराठीत आणताना कुणी सौम्य म्हणून ‘जादूगारीण’ लिहू नये. त्याने जॅक्सला उगाच एक जादूगार नवरा चिकटेल!

डाकीण या शब्दाचं मात्र वाईट वाटतं. वज्रयान बौद्धांची डाकिनी पूज्य. तिच्या तिबेटी नावाचा अर्थ आकाशात संचार करणारी. तेच नाव सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईवर आळ म्हणून येतं, आणि मग मारहाण, गावाबाहेर हाकलणं. आळ येतो तो पुष्कळदा एकट्या बाईवर, विधवेवर; कधी तिच्या वाट्याच्या जमिनीवर डोळा ठेवून. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याला या बायकांचाही संदर्भ आहे.