निधनवार्ता आणि कुळाचा इतिहास

घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे आपल्याला प्रथम सनदा, वतनपत्रे आणि महजर यांची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद जमविले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर या उद्योगाला कायमचे घर लाभले. परंतु ज्यांच्या घरी सनदही नव्हती आणि वतनही नव्हते, त्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा कामगाराच्या कुटुंबाने आपल्या मागील पिढ्यांचा माग कसा काढावा? अशा वेळी जुन्या वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळींची निधनवार्ता हे मोलाचे साधन ठरते.

पूर्वी मृत्यूची बातमी परगावी पोस्टकार्डाने कळवीत. त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवीत नसत. ज्या कागदावर तिथी, स्थळ आणि आजार लिहिलेला असे, तोच कागद अशा रीतीने नष्ट होई. सरकारी नोंदींवरही सर्वत्र विसंबता येत नाही. १८८६ च्या कायद्याखालील जन्ममृत्यूची नोंदणी ऐच्छिक होती. साऱ्या देशासाठी सक्तीचा कायदा १९६९ साली झाला. विदर्भात गावचे कोतवाल बुक उपयोगी पडते, परंतु मुळात गाव कोणते हेच ठाऊक नसेल तर ते तरी कोठे शोधावयाचे?

मराठी वृत्तपत्रांची परंपरा ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून सुरू होते. पुढे १८४९ साली पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ साली ‘केसरी’ आणि १९१४ साली नागपुरास ‘महाराष्ट्र’ निघाले. थोरांच्या निधनानंतर या पत्रांतून मृत्युलेख येत. आगरकर, रानडे आणि गोखले यांच्यावर टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेले लेख प्रसिद्धच आहेत. परंतु मृत्युलेख गुणवर्णन करतो, तर निधनवार्ता नातेवाईक मोजते. कुळाचा इतिहास शोधणाऱ्याला या दुसरीचा उपयोग अधिक.

‘त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित कन्या, जावई व नातवंडे असा परिवार आहे,’ हे ठरावीक वाक्य आपण न वाचताच पुढे जातो. वास्तविक सारे धन तेथेच असते. कुलवृत्तांतांतील वंशावळ बहुधा पुरुषांच्या नावांनी पुढे सरकते. मुलगी लग्न होऊन गेली की त्या पानावरून उतरते. निधनवार्तेत मात्र तीच मुलगी सासरच्या आडनावाने आणि कधी कधी सासरच्या गावासह पुन्हा भेटते. त्या एका आडनावावरून तुटलेली शाखा जुळू शकते.

तथापि हा पुरावा जपून वाचावा लागतो. ‘वयाच्या ७२ व्या वर्षी’ म्हणजे पुरी झालेली वर्षे ७१. मृत्यू १९६४ चा असेल तर जन्म १८९२ किंवा १८९३ चा, १८९१ चा नव्हे. ‘काल निधन झाले’ यातील काल हा मजकूर लिहिणाऱ्याचा असतो. साप्ताहिकात तो आठवडाभर मागे जाऊ शकतो. शके दिला असेल तर वर्षाच्या आरंभी ७८ आणि पौषानंतर सामान्यतः ७९ मिळवावे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर अनेक घरे ओस पाडली. ते मृत्यू शके १८४० चे. आजाराविषयीचे शब्दही तपासूनच घ्यावेत. ‘अल्पशा आजाराने’ या शब्दांमागे घरच्यांना बोलावयाचे नसलेले कितीतरी काही दडलेले असते.

महिन्याच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी प्रदेशातील पौर्णिमेला. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य पक्ष तो त्यांचा आश्विन कृष्ण पक्ष होय. दिवस एकच, नावे दोन. मराठी घरात ठेवलेली तिथी आणि हिंदी पत्रात छापलेली तिथी यांत महिन्याचा फरक दिसला, तर कोणाची चूक झाली असे मानण्यापूर्वी हे आठवावे.

भिलाईसारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि नोकरीच्या निमित्ताने दूरदूरची माणसे येथे आली. दुर्ग जिल्ह्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती, नंतर भोपाळ झाली आणि २००० पासून रायपूर आहे. घर न बदलता कुटुंबाचे दप्तर तीन राजधान्यांत विखुरले. सेक्टर २ मधील क्वार्टर म्हणजे काही वडिलोपार्जित वाडा नव्हे; नोकरीबरोबर मिळालेले घर सहसा नोकरीबरोबरच सुटते. त्याला माळा नाही आणि माळ्यावर पेटीही नाही. येथील मराठी कुटुंबाच्या तिसऱ्या पिढीला आजीचे माहेर विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळत नाही. नागपूरच्या एखाद्या पत्रात छापलेली निधनवार्ताच मग मूळ गावाचा अखेरचा लेखी दुवा ठरते.

या साधनाला मर्यादाही आहेत. वृत्तपत्रापर्यंत ज्यांचा हात पोहोचत नव्हता, त्यांचे मृत्यू तेथे नोंदले गेले नाहीत. ‘दीनबंधु’, ‘दीनमित्र’, ‘मूकनायक’ ही पत्रे का काढावी लागली, याचा विचार केला म्हणजे त्या मौनाचा अर्थ कळतो. छापील पानावर नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे नव्हे.

पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. अशा जुन्या ग्रंथालयांत शोध घेता येतो, पण आरंभ घरापासूनच करावा. कात्रण ठेवताना त्यावर पत्राचे नाव आणि तारीख तेव्हाच लिहावी. ती नसेल तर निम्मा पुरावा गेला. आणि त्यात ज्यांचा ‘परिवार’ या एका शब्दात उल्लेख झाला आहे, त्यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागील बाजूस उतरून ठेवावी. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.