आराखडे जळाले, नौका तरली

अमेरिकेत बॉस्टन बंदरी असलेली ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि इंग्लंडात हार्टलपूल येथील ‘त्रिंकोमाली’ या शिडांच्या दोन जुन्या युद्धनौका आजही पाण्यावर आहेत. त्यांपैकी पहिलीमुळे दुसरीचा जन्मच लांबणीवर पडला होता, आणि ती दुसरी आमच्या मुंबईची लेक आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला ओकाच्या लाकडाची चणचण भासू लागली, तेव्हा तेथील आरमारखात्याची दृष्टी मुंबईच्या गोदीकडे वळली. मलबारचे सागवान आणि वाडिया घराण्याचे कसब यांची कीर्ती एव्हाना दूरवर पोचली होती. १८१२ साली नव्या फ्रिगेटीचे आराखडे ‘जावा’ नामक नौकेवरून मुंबईस रवाना झाले. मुंबई इलाख्याचे सेनापतिपद स्वीकारण्यास निघालेले जनरल हिस्लॉपही तिच्यावरच होते. २९ डिसेंबर रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक ‘कॉन्स्टिट्यूशन’शी तिची गाठ पडली. काही तासांतच ‘जावा’च्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान लँबर्ट प्राणांतिक जखमी झाला, आणि विजेत्यांनी ते निकामी जहाज जाळून टाकले. आराखडे गेले. हिस्लॉप मात्र वाचले, आणि पाच वर्षांनी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव त्यांच्याच हातून झाला.

आराखड्यांची दुसरी प्रत आल्यावर १८१६ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी काम आरंभिले, व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्यानंतर महिना लोटण्याच्या आत खडकीची लढाई झाली. एकाच हंगामात मुंबईच्या कारागिरांचे हात कीर्तीस चढले आणि पुण्याची सत्ता लयास चालली.

पुढे दोन्ही नौका मोडीत निघण्याच्या बेतात होत्या. १८३० साली ‘कॉन्स्टिट्यूशन’ मोडणार अशी वार्ता पसरताच होम्स या तरुण कवीने लिहिलेल्या कवितेने लोकमत खवळले, व तिची डागडुजी झाली. १९९७ साली, आणि पुन्हा २०१२ साली, ती स्वतःच्या शिडांवर चालली. मात्र वारंवारच्या दुरुस्तीमुळे तिच्यात मूळचे लाकूड आता थोडेच उरले आहे. ‘त्रिंकोमाली’ १८९७ साली मोडीवाल्यास विकली गेली असता कॉब नावाच्या गृहस्थाने ती विकत घेऊन सोडविली. ‘फुद्रॉयां’ हे नवे नाव धारण करून तिने १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दी जीवनाचे शिक्षण दिले. त्यानंतर जीर्णोद्धार होऊन तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. आज ती शिडे उभारून प्रवासास निघत नाही हे खरे. परंतु तिचे बरेचसे सागवान अद्याप मूळचेच आहे.

येथे आम्हांस एका गोष्टीचा खेद वाटतो. जिच्या गोदीने अशी जहाजे घडविली, त्या मुंबईत त्यांपैकी एकही आज दिसत नाही. फार कशाला, स्वतंत्र भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. २०१२ साली ते बंद झाले आणि २०१४ साली ती भंगारात गेली. जहाज जतन करणे खर्चाचे आहे, यात शंका नाही. पण बॉस्टनला एका कवितेने आणि इंग्लंडला एका माणसाच्या हट्टाने जे साधले, ते नुसत्या पैशाने साधलेले नव्हते. आपल्या कारागिराची कदर परक्या बंदरी जाऊन पाहावी लागावी, यात गौरव थोडा आणि उपालंभ अधिक आहे.