मोटारीच्या लोणकढ्या आणि शब्दांची साक्ष

आख्यायिका केवळ संतांना, राजेरजवाड्यांना आणि गडकिल्ल्यांनाच चिकटतात, असा आपला एक समज असतो. वास्तविक यंत्रेही त्यांतून सुटलेली नाहीत. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ सालचे. म्हणजे मोटारीचे वय फार नाही. परंतु एवढ्या अवधीत तिच्या एकेका भागाभोवती जे पुराण रचले गेले आहे, ते एखाद्या जुन्या देवस्थानाच्या माहात्म्याला मागे टाकील.

हेन्री फोर्डची गोष्ट घ्या. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदारांना त्याने म्हणे फर्मान काढले की, माल ज्या लाकडी खोक्यांतून पाठवाल त्यांच्या फळ्या अमुक लांबीरुंदीच्याच हव्यात आणि भोकेही अमुक ठिकाणीच हवीत. कारखानदार चरफडले. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असेही म्हणाले. पुढे उलगडा झाला तो असा, की खोकी फोडून त्याच फळ्या मॉडेल-टीच्या तळाला जशाच्या तशा बसवल्या जात होत्या! ऐकणारा हसतो आणि मनातल्या मनात फोर्डच्या कंजूषपणाला नमस्कारही करतो. जुन्या मोटारींचे जाणकार मात्र या कथेला दंतकथाच मानतात. गंमत अशी की, खरी हकिकत थापेहून कमी चमत्कारिक नाही. मिशिगनमधल्या आयर्न माउंटन येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींसाठी लाकूड कापले जाई. त्यातून उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून त्याच्या वड्या १९२० च्या दशकात फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडे विकायला ठेवल्या जात. मोटार विकणाऱ्याच्या दुकानात कोळसा, ही कल्पना कोणा थापाड्याला सुचली नसती.

दुसरी कथा करुण आहे. पूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. डेट्रॉइटजवळच्या बेल आइल बेटावर ऐन हिवाळ्यात एका बाईची कॅडिलॅक बंद पडली. बायरन कार्टर नावाचा मोटार-कारखानदार मदतीला धावला. हँडलने उलटा झटका दिला, त्याचा जबडा फुटला आणि त्यातच पुढे त्याचा अंत झाला. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लीलंड हा त्याचा स्नेही. ‘माझी गाडी यापुढे कोणाचा जीव घेणार नाही,’ अशी त्याने प्रतिज्ञा केली आणि त्यातून विजेचा स्टार्टर जन्मला, असे सांगतात. या प्रसंगाचे साल बरेचदा १९१० दिले जाते. कार्टर तर १९०८ च्या एप्रिलमध्येच न्यूमोनियाने वारला होता. मृत्यूनंतर दोन वर्षांनी परोपकाराला धावून जाणारा माणूस आख्यायिकेतच भेटायचा!

स्टार्टर घडवला तो चार्ल्स केटरिंगने, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसवून आला. केटरिंग त्याआधी डेटन येथे रोकड-यंत्रे विजेवर चालवण्याच्या खटपटीत होता. मोटारीचे इंजिन फिरवायला प्रचंड विद्युतयंत्र लागेल, असे इतरांचे गणित. रोकड-यंत्राने त्याला शिकवले होते की, ताण क्षणापुरताच असेल तर लहान यंत्रही तो पेलते. खरा उगम हा असा, गल्ल्यापाशी. तेथे ना हिमवर्षाव, ना संकटात सापडलेली स्त्री. मग तो कोण लक्षात ठेवणार?

म्हणून या कथेला निव्वळ खोटी म्हणून मोडीत काढावे काय? मला तसे वाटत नाही. हँडलच्या उलट्या फटक्याने हात-मनगटे मोडणे हा त्या काळचा नित्याचा अनुभव होता. अनेक अनाम माणसांच्या वेदनेला लोकमानसाने एक नाव आणि एक चेहरा दिला. तपशील खोटा, भीती खरी. आक्षेप आहे तो एवढाच की, एका प्रतिज्ञेच्या दिव्य क्षणापुढे वर्षानुवर्षांचे कष्ट मात्र अदृश्य होतात.

शब्द अशी लबाडी सहसा करीत नाहीत. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी गाडीपुढची फळी म्हणजे डॅशबोर्ड; घोडे गेले, चिखल गेला, नाव राहिले. आपण सामान ठेवतो ती डिकी म्हणजे मुळात बग्गीच्या मागची नोकरांची बैठक. आणि आपली स्टेपनी? वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचे दुकान होते. तेव्हा मोटारींना जादा चाक नसे. या बंधूंनी १९०४ च्या सुमारास हवा भरलेल्या टायरसह, आरे नसलेली एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती तात्पुरती जोडता येई. खुद्द इंग्लंडात हा शब्द विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्या दूरच्या गल्लीचे नाव रोज घेतो, आणि राखीव माणसालाही आपण थट्टेने स्टेपनीच म्हणतो.

ही हकिकत वर्गात सांगितली तर मुले हसतील. थाप वाटावी अशीच ती आहे. तिच्यात वीरपुरुष नाही, अपघात नाही, शपथ नाही. आहेत ते दोन भाऊ, एक दुकान आणि एक रस्ता. लोणकढीला नायक लागतो. शब्दाला केवळ वापरणारी माणसे पुरतात.