चेकडिस्क चालू असताना लाईट गेली? संगणक फॉरमॅट करण्याची घाई नको

आलापल्ली : पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. नेमकी चेकडिस्क किंवा पार्टिशनचे काम चालू असताना ती गेली, तर सेवा केंद्राचा, दुकानाचा संगणक पुन्हा सुरूच होत नाही. मेकॅनिक लगेच म्हणतो, "फॉरमॅट मारू." तिथेच थांबवा. बरेचदा फक्त विंडोज सुरू करून देणारी नोंद बिघडलेली असते, फाइली शाबूत असतात. पार्टिशन सरकवताना काम तुटले असेल तर मात्र फाइलींनाही धोका असतो.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वारंवार चालू-बंद करू नका. आवाज नसेल तर डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि लोकांची कागदपत्रे, हिशेब, फोटो आधी कॉपी करा. 'फॉरमॅट करायचे का' असे विचारले तर कॅन्सलच दाबा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर 48 अंकी की लागते; ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

मग दुरुस्ती. किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मोफत मीडिया क्रिएशन टूलने विंडोज भरा. डाउनलोड काही जीबींचे असते, मोबाइलच्या रोजच्या डेटात मावत नाही, वायफाय शोधा. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर 'इन्स्टॉल' नको, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडा, पुढे ट्रबलशूट आणि स्टार्टअप रिपेअर. एकदा जमले नाही तर दोन-तीनदा करून पाहा. तरीही झाले नाही तर विंडोज नव्याने टाकायला हरकत नाही, फाइली तर हातात आल्याच आहेत.