आयर्लंडचे सांख्यिकीय विभाग

आयर्लंडचे सांख्यिकीय विभाग हे आयर्लंड प्रजासत्ताकाची आकडेवारी गोळा करण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी आखलेले भौगोलिक विभाग आहेत. युरोपीय संघाच्या 'नट्स' या वर्गीकरणानुसार त्यांची रचना तीन स्तरांवर केली आहे. पहिल्या स्तरावर संपूर्ण देश हा एकच विभाग असून दुसऱ्या स्तरावर तीन व तिसऱ्या स्तरावर आठ विभाग आहेत. युरोपीय संघाचा विकासनिधी मुख्यतः दुसऱ्या स्तरावरील आकड्यांवरून ठरतो. त्यामुळे या सीमा वरकरणी तांत्रिक असल्या तरी त्यांना मोठे आर्थिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

आयर्लंडचे लेन्स्टर, मन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर हे चार ऐतिहासिक प्रांत लोकांच्या बोलण्यात व क्रीडास्पर्धांत आजही टिकून आहेत. प्रशासनात मात्र त्यांना स्थान नाही. अल्स्टरच्या नऊपैकी सहा काउंट्या उत्तर आयर्लंडमध्ये असल्याने तो प्रांत दोन राज्यव्यवस्थांत विभागला गेला आहे. सांख्यिकीय विभाग म्हणूनच प्रांतांऐवजी काउंट्यांचे गट करून तयार करण्यात आले. १९९४ मध्ये आठ प्रादेशिक प्राधिकरणे स्थापन झाली व त्यांची क्षेत्रे तिसऱ्या स्तराचे विभाग म्हणून वापरात आली.

१९९९ चे विभाजन

१९९० च्या दशकापर्यंत दुसऱ्या स्तरावरही संपूर्ण आयर्लंड हा एकच विभाग होता. दरडोई स्थूल देशांतर्गत उत्पादन युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या विभागांना सर्वाधिक साहाय्य मिळत असे आणि या निकषावर अख्खा देश पात्र ठरत होता. मात्र दशकाच्या उत्तरार्धात अर्थव्यवस्था झपाट्याने वाढली व देशाची सरासरी ही मर्यादा ओलांडून गेली. ही वाढ प्रामुख्याने पूर्व व दक्षिण भागांत झालेली असली, तरी देश एकच विभाग राहिल्यास मागे पडलेल्या पश्चिम भागाचाही निधी गेला असता.

यावर उपाय म्हणून सरकारने १९९८ च्या अखेरीस देशाचे दोन विभाग करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात गरीब विभागामध्ये १५ काउंट्या होत्या. केरी व क्लेअर या काउंट्यांचा त्यातील समावेश वादग्रस्त ठरला. तत्कालीन सरकार अल्पमतात असून अपक्ष सदस्यांच्या पाठिंब्यावर अवलंबून होते, हेही या वादात विसरण्याजोगे नव्हते. केरी ही नैर्ऋत्य विभागात, तर क्लेअर मध्य-पश्चिम विभागात मोडत होती. त्या घेतल्या असत्या तर तिसऱ्या स्तराचे दोन विभाग फोडावे लागले असते. युरोपीय संघाच्या 'युरोस्टॅट' या सांख्यिकी कार्यालयाने त्यांना मान्यता दिली नाही. अखेर १९९९ मध्ये १३ काउंट्यांचा 'सीमावर्ती, मध्य व पश्चिम' विभाग आणि उर्वरित देशाचा 'दक्षिण व पूर्व' विभाग अस्तित्वात आला. पहिल्याला २००० ते २००६ या काळात पूर्ण साहाय्य मिळाले. दुसऱ्याचे साहाय्य टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले.

सध्याची रचना

२०१४ च्या स्थानिक शासन सुधारणेनंतर प्रादेशिक प्राधिकरणे रद्द होऊन तीन प्रादेशिक सभा आल्या. त्यांना अनुसरून १ जानेवारी २०१८ पासून दुसऱ्या स्तरावर पुढील विभाग लागू झाले. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार आहे.

उत्तर व पश्चिम (सुमारे ९.०५ लाख): सीमावर्ती, पश्चिम
दक्षिण (सुमारे १७.०३ लाख): मध्य-पश्चिम, आग्नेय, नैर्ऋत्य
पूर्व व मध्य (सुमारे २५.४० लाख): डब्लिन, मध्य-पूर्व, मध्य

याच वेळी लाउथ काउंटी सीमावर्ती विभागातून मध्य-पूर्व विभागात गेली. टिपेरारीचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग २०१४ मध्ये एकत्र झाले होते. त्यामुळे तिचा दक्षिण भागही आग्नेय विभागातून मध्य-पश्चिम विभागात आला. अशा बदलांमुळे २०१८ पूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. नाव तेच असले तरी सीमावर्ती विभाग पूर्वीचा राहिलेला नाही.

आकड्यांच्या मर्यादा

दुसऱ्या स्तरावरील विभागाची लोकसंख्या साधारणतः ८ लाख ते ३० लाख असावी, असा नट्सचा दंडक आहे. उत्तर व पश्चिम विभाग त्यात जेमतेम बसतो.

यापेक्षा गंभीर अडचण उत्पादनाच्या मोजणीची आहे. आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय औषध व संगणक कंपन्यांचा मोठा पसारा असून त्यांचा नफा आणि बौद्धिक संपदा देशाच्या हिशेबात धरली जाते. २०१५ साली स्थूल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे पहिल्या आकडेवारीत दिसले. तेथील लोकांचे उत्पन्न अर्थातच तेवढे वाढले नव्हते. यानंतर केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने 'सुधारित स्थूल राष्ट्रीय उत्पन्न' हे वेगळे मोजमाप प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. विभागीय पातळीवर हा फुगवटा अधिक ठळक होतो. कॉर्कभोवतीचा नैर्ऋत्य विभाग कागदावर युरोपातील अतिश्रीमंत विभागांत गणला जातो, कारण तेथे मोठे औषध कारखाने आहेत. दरडोई आकड्यात दुसरी गफलत कामासाठी रोज ये-जा करणाऱ्यांमुळे होते: मध्य-पूर्व विभागात राहून डब्लिनमध्ये काम करणाऱ्याचे उत्पादन डब्लिनच्या खात्यात पडते, त्याची गणना मात्र घराच्या ठिकाणी होते. राहणीमानाच्या तुलनेसाठी म्हणून घरगुती खर्चयोग्य उत्पन्नाचे आकडे अधिक विश्वसनीय ठरतात.

२०२१ ते २०२७ या निधीकाळात उत्तर व पश्चिम विभागाचा दर्जा 'अधिक विकसित' वरून 'संक्रमणावस्थेतील' असा खाली आला. त्यामुळे तेथील प्रकल्पखर्चातील युरोपीय वाटा ६० टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. इतर दोन विभागांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे.